रक्ती आव, गोळ्यांची पाकिटं आणि आपली वस्ती

(विहाराच्या वर्धापनदिनी कंधार येथे झालेल्या भाषणाचा मजकूर)

 

समितीनं मला आरोग्यावर दोन शब्द बोलायला सांगितलं. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवणारा माणूस. औषध लिहून देण्याचा मला अधिकार नाही, तो डॉक्टरांचा. जंतूंबद्दल मात्र बोलू शकतो, आणि त्यातलाही आज एकच निवडला आहे : रक्ती आव करणारा. काही जणांच्या मनात येईल की आज आनंदाचा दिवस, तिकडं मंडपामागं भोजनदानाच्या कढया चढल्यात, आणि हे गुरुजी हगवणीचं काय काढून बसले? पण या विषयाची लाज आपल्या पिटकाला वाटलेली नाही, मग आपण कशाला वाटून घ्यायची?

विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे. एका भिक्खूला पोटाचा विकार झाला होता आणि तो स्वतःच्याच मलमूत्रात पडून होता. भगवान आनंदाला बरोबर घेऊन निवासस्थानं पाहत चालले होते, त्यांना तो दिसला. तुझी सेवा कोण करतं, असं विचारलं. कोणीच नाही, म्हणाला. का नाही? तर तो बाकीच्या भिक्खूंच्या काही उपयोगी पडत नव्हता, म्हणून. भगवंतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितलं. स्वतः पाणी ओतलं, आनंदानं त्याचं अंग धुतलं, मग एकानं डोक्याकडून आणि एकानं पायांकडून उचलून त्याला बिछान्यावर निजवलं. त्यानंतर संघ बोलावला आणि रोग्याची सेवा कशी करायची ते सांगितलं. तिथं सेवा करणाऱ्याचे गुण सांगितलेत, त्यात एक असा की विष्ठा, मूत्र, ओकारी काढताना त्याला किळस वाटू नये. आणि रोगी कसा असला म्हणजे त्याची सेवा अवघड जाते, तेही सांगितलंय. हिताचं ते करत नाही, हितातही प्रमाण राखत नाही, औषध नीट घेत नाही, आजार आहे तसा खरा सांगत नाही आणि वेदना सोसत नाही. यातल्या दोन गोष्टी ध्यानात ठेवा, औषध नीट न घेणं आणि आजार खरा न सांगणं. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या या दोन खोडी आज आपल्याला भलत्याच महागात पडायला लागल्यात.

आणखी एक. भगवंतांचा स्वतःचा अखेरचा आजारही हाच होता. पावा इथं चुंदाकडं भोजन झालं आणि त्यानंतर रक्तासह हगवण सुरू झाली. पालीत तिला लोहितपक्खंदिका म्हटलंय. तशा वेदनांतच ते कुसिनाऱ्यापर्यंत चालत गेले. ती कशामुळं झाली यावर विद्वान वाद घालतात, घालू द्या. मला त्यातली दुसरी गोष्ट मोठी वाटते. चुंदाला कोणी दोष देऊ नये, त्याच्या मनाला टोचणी लागू नये, याची काळजी त्या अवस्थेतही भगवंतांनी घेतली. आपल्याकडं पंगतीनंतर जुलाब सुरू झाले की पहिली चर्चा काय होते? कोणाच्या हातचं जेवण, कोणाच्या घरचं पाणी. मग ते घर गप्प बसतं, आपल्या लेकराचा आजार लपवतं, आणि साथ पसरायला मोकळी होते.

आता मूळ विषयाकडं येतो. आपण जुलाब म्हटलं की सगळं एकाच पोत्यात भरतो. पाण्यासारखे पातळ जुलाब वेगळे. लहान मुलांत ते पुष्कळदा विषाणूंमुळं होतात, आणि विषाणूवर अँटिबायोटिक चालतच नाही. शेंब आणि रक्त पडतं, पोटात मुरडा येतो, बसून बसून जीव जातो पण चमचाभरच पडतं, ती आव किंवा आमांश. त्यातही दोन जाती. एक अमिबाची आणि दुसरी शिगेला नावाच्या जंतूची. अमिबाची बहुधा हळूहळू येते, ताप कमी असतो. शिगेलाची एकदम येते, ताप भरतो, लहान लेकराला कधी झटकेही येतात. मेट्रोनिडॅझोल ही गोळी आपल्या घराघरात ठाऊक आहे. ती अमिबावर चालते, शिगेलावर तिचा काडीचा उपयोग नाही. ही गल्लत किती महाग पडते ते मध्य अमेरिकेत दिसलं. १९६९ साली ग्वाटेमालात रक्ती हगवणीची साथ सुरू झाली. सुरुवातीला ती अमिबाची समजून उपचार झाले. निघाली शिगेला, तीही नेहमीच्या औषधांना न जुमानणारी. पुढच्या तीन-चार वर्षांत त्या भागात पाच लाखांच्या आसपास माणसं आजारी पडली आणि सुमारे वीस हजार मेली.

या जंतूचा शोध लागला जपानमध्ये, १८९७ साली. त्या वर्षी तिथं हगवणीची मोठी साथ होती. नव्वद हजारांवर माणसं आजारी पडली आणि शंभरात विसाहून जास्त दगावली. किटासाटो या शास्त्रज्ञाच्या संस्थेत कियोशी शिगा नावाचा तरुण डॉक्टर होता. त्यानं ३६ रोग्यांची विष्ठा तपासली आणि जंतू वेगळा काढला. मग तो हगवणीतून उठणाऱ्या माणसांच्या रक्तातल्या पाण्यात मिसळून पाहिला. जंतूंच्या गाठी धरल्या. म्हणजे त्या माणसांचं शरीर याच जंतूशी लढलं होतं, याची खूण पटली. जंतूला पुढं त्याच्याच नावावरून शिगेला म्हणायला लागले. ते १८९७ साल आपण दुसऱ्या कारणानं ओळखतो. त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता सावित्रीमाई फुले गेल्या. एकीकडं एक माणूस रोग्याच्या विष्ठेत जंतू शोधत होता आणि इकडं एक माउली रोग्याला उचलून दवाखान्यात नेत होती. महावग्गात सांगितलेलं काम दोघंही करत होते.

शिगेलाच्या चार जाती आहेत, आणि त्यातल्या एकीचा धागा भारताशी जुळतो. जॉन बॉइड नावाचा ब्रिटिश लष्करी डॉक्टर भारतात राहून हगवणीच्या जंतूंवर काम करत होता. त्याच्या नावानं एक जात ओळखली जाते, शिगेला बॉयडी. बाकीच्यांची नावं आज पाठ करायची गरज नाही.

हा जंतू इतका वाईट का? एक तर त्याला संख्या लागत नाही. कॉलऱ्याचा जंतू पोटात जाऊन रोग व्हायचा तर लाखोंनी लागतात, पोटातलं आम्ल बहुतेकांना मारून टाकतं. शिगेलाचे दहा ते शंभर पोटात गेले तरी पुरे. नखाच्या कडेला लाखो मावतात, आणि लागतात शंभर! म्हणून हा घरातून घरात हातानंच फिरतो. आईनं लेकराची ढुंगण धुतली, हात नुसता पाण्यानं खंगाळला आणि कणीक मळायला बसली, झालं. माशीच्या पायांनाही एवढं ओझं जड नाही. दुसरं म्हणजे तो मोठ्या आतड्याच्या अस्तरात घुसतो, तिथल्या पेशी मारतो आणि एका पेशीतून शेजारच्या पेशीत सरकत जातो. म्हणून रक्त येतं. जगभरात २०१६ या एका वर्षात शिगेलानं दोन लाखांवर माणसं मेली असा अंदाज आहे, आणि त्यात साठ हजारांवर पाच वर्षांच्या आतली लेकरं होती. आपल्याकडं सरकारी लसीकरणात आता रोटा विषाणूची लस मिळते, पण शिगेलाची लस मिळत नाही. म्हणजे हातात राहिलं काय? पाणी, साबण आणि औषध. त्यातल्या औषधाचं काय होत चाललंय, ते सांगायलाच मी उभा आहे.

प्रयोगशाळेत आम्ही काय करतो ते आधी ऐका. काचेच्या थाळीत जंतूंचं खाद्य घालून एक खळ गोठवतो. समुद्रातल्या शेवाळापासून ती होते, बाजारात चायना ग्रास म्हणून मिळतं त्याचीच भावंडं. रोग्याच्या विष्ठेतला जंतू वेगळा वाढवून तो त्या थाळीवर सगळीकडं सारवतो. मग कपाळावरच्या टिकलीएवढे कागदाचे गोल तुकडे ठेवतो, प्रत्येक तुकड्यात वेगळं औषध भिजवलेलं. थाळी रात्रभर उबेला ठेवायची. सकाळी पाहिलं तर ज्या टिकलीभोवती स्वच्छ रिंगण पडलंय, ते औषध चालतं. ज्या टिकलीला जंतू अगदी चिकटून वाढलेत, ते औषध त्या जंतूपुढं खडूच्या भुकटीइतकंच. पूर्वी रिंगण देणाऱ्या टिकल्या एकामागून एक कशा कोऱ्या पडत गेल्या, तोच या जंतूच्या औषधांचा इतिहास आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास सल्फाच्या गोळ्या आल्या, लोकांना वाटलं हगवण संपली. काही वर्षांतच जपानमध्ये सल्फाला शिगेला दाद देईना. मग स्ट्रेप्टोमायसिन, टेट्रासायक्लिन, क्लोरॅम्फेनिकॉल वापरायला लागले. १९५५ साली हाँगकाँगहून जपानला परतलेल्या एका रोगी बाईच्या पोटात असा शिगेला सापडला, जो या चारही औषधांना एकदमच बधत नव्हता. डॉक्टर चक्रावले. एका औषधाला सरावला हे समजू शकतं, चार-चारांना एकाच वेळी कसा? त्याहून विचित्र म्हणजे त्याच साथीत एका रोग्यात औषधाला मरणारा शिगेला आणि दुसऱ्यात न मरणारा. १९५९ च्या सुमारास ओचिआई आणि आकिबा या जपानी संशोधकांच्या कामातून उलगडा झाला. आपल्या प्रत्येकाच्या आतड्यात ई-कोलाय नावाचे साधे जंतू राहतात. त्यांच्यातली औषध न जुमानण्याची युक्ती शिगेलाला मिळत होती, आणि शिगेलाची त्यांना.

ही देवाणघेवाण कशी होते? जंतूच्या पोटात त्याच्या मुख्य गुणसूत्राशिवाय एक छोटं वेटोळं असतं. त्यावर चार-पाच औषधांवरचे तोडगे लिहिलेले असू शकतात. एक जंतू दुसऱ्याला नळी लावतो आणि त्या वेटोळ्याची नक्कल देऊन टाकतो. दहावीच्या परीक्षेत पहिल्या बाकावरची चिठ्ठी शेवटच्या बाकापर्यंत जाते ना, तसंच. मुलं हसतायत, म्हणजे समजलं. फरक इतकाच की इथं चिठ्ठी देणाऱ्याजवळही तिची प्रत राहते आणि पर्यवेक्षक कोणीच नसतो.

या तोडग्यांचे प्रकारही बघण्यासारखे आहेत. काही जंतू औषधाचे तुकडे करणारा रस सोडतात. काहींना आत आलेलं औषध बाहेर फेकणारा पंप असतो. काही जण औषध जिथं जाऊन चिकटतं, ती जागाच जराशी बदलून टाकतात. सिप्रोफ्लॉक्सासिनच्या बाबतीत शिगेलानं मुख्यतः हेच केलं. औषध येतं, पण कुलूप बदललेलं असतं.

शेतकरी बांधवांना हे समजावून सांगायची खरं तर गरज नाही. कापसावरची गुलाबी बोंडअळी आठवा. बीटी बियाणं आलं तेव्हा अळी मेली, आपण खूश झालो. पण लाखांतल्या काही अळ्या जन्मतःच चिवट होत्या. बाकीच्या मेल्यावर शेत त्यांचंच झालं, आणि २०१७ च्या हंगामात काय झालं ते या तालुक्यातल्या कापूसवाल्यांना माहीत आहे. बियाण्यानं अळीला चिवट बनवलं नाही, चिवट तेवढ्या निवडून ठेवल्या. जंतूचं तसंच आहे, फक्त त्याचं पीक वीस-तीस मिनिटांत दुप्पट होतं. वीस मिनिटं धरली तर एका जंतूचे दहा तासांत शंभर कोटींवर होतात, तेवढं खायला मिळालं तर.

चिवटपणा औषधाच्याही आधीचा असतो, याचा एक पुरावा मोठा चटका लावणारा आहे. पहिल्या महायुद्धात, मार्च १९१५ मध्ये अर्नेस्ट केबल नावाचा इंग्रज शिपाई फ्रान्समधल्या लष्करी दवाखान्यात हगवणीनं मेला. त्याच्या पोटातला शिगेला इंग्लंडच्या जंतुसंग्रहात पहिल्या क्रमांकाचा जंतू म्हणून जपून ठेवला गेला. शंभर वर्षांनी, २०१४ साली, त्याची पूर्ण तपासणी प्रसिद्ध झाली. तो पेनिसिलीनला दाद देत नव्हता. पेनिसिलीनचा शोध १९२८ चा! म्हणजे बुरशी आणि जंतू यांची लढाई आपल्याआधी फार जुनी आहे. आपण मध्ये येऊन काय केलं, तर ज्याच्या-त्याच्या हातात औषधाची पिचकारी दिली आणि चिवटांची निवड झपाट्यानं केली.

आता आपल्या देशात येऊ. १९८४ साली पश्चिम बंगालमध्ये शिगेलाची भयंकर साथ आली, तिथून ती त्रिपुरा आणि ईशान्येकडं पसरली. कोलकात्याच्या, तेव्हा नायसेड नावानं ओळखल्या जाणाऱ्या, राष्ट्रीय संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी जंतू तपासला, तर टेट्रासायक्लिन, क्लोरॅम्फेनिकॉल, अँपिसिलीन, को-ट्रायमॉक्साझोल सगळ्या टिकल्या कोऱ्या. नॅलिडिक्सिक अ‍ॅसिड तेवढं चाललं. चार वर्षांत, १९८८ पर्यंत, त्रिपुरात तेही निकामी झालेलं दिसलं. मग सिप्रोफ्लॉक्सासिन आणि नॉरफ्लॉक्सासिन आली. २००२ साली सिलिगुडीच्या चहामळ्यांतल्या मजुरांत पुन्हा साथ आली, आणि आता सिप्रोफ्लॉक्सासिनलाही जंतू भीत नव्हता. लक्षात घ्या, साथ आली ती चहामळ्यांच्या मजुरांत. असल्या आजाराचा पत्ता बंगल्यात फारसा सापडत नाही.

बंगाल कुठं, कंधार कुठं, असं म्हणाल तर या बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातली माणसं दसऱ्यानंतर कुठं जातात ते आठवा. ऊसतोडीला, वीटभट्टीला, पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. पाचटाच्या कोपीत राहायचं, संडास नाही, पाणी कालव्याचं. तिथं चार राज्यांची माणसं एका बांधावर असतात. जंतूला तिकीट लागत नाही. हाँगकाँगहून एका बाईबरोबर तो जपानला जाऊ शकतो, तर टोळीबरोबर कंधारला येणं किती अवघड? आणि उलटंही खरं, आपला चिवट जंतू दुसरीकडं जाऊ शकतो. अमेरिकेसारख्या श्रीमंत देशाच्या आरोग्य खात्यानं २०२३ साली इशारा दिला, की तिथल्या शिगेलाच्या नमुन्यांत २०२२ साली शंभरातले पाच असे होते, ज्यांच्यावर नेहमीची पाचही औषधं चालत नाहीत. २०१५ मध्ये असा एकही नव्हता. २०२४ साली जागतिक आरोग्य संघटनेनं ज्या जंतूंवर नवी औषधं तातडीनं हवीत त्यांची यादी केली. सिप्रोफ्लॉक्सासिनच्या कुळाला न जुमानणारा शिगेला त्यात वरच्या गटात आहे.

आता आपल्या वस्तीतलं चित्र. लेकराला दोन-तीन पातळ परसाकडं झाली, की बाप मेडिकलवर जातो. "जुलाबाची गोळी द्या." पाकिटात दोन औषधं एकत्र असलेली जोडगोळी मिळते, अमिबाचीही आणि जंतूचीही. दोन गोळ्या दिल्या, जुलाब आपोआप थांबायचेच होते ते थांबले, गोळीचं नाव झालं. उरलेल्या गोळ्या फळीवरच्या डब्यात. महिन्यानं शेजारणीच्या नातवाला जुलाब, त्याला त्यातली अर्धी. आणि एके दिवशी खरोखर रक्ती आव होते, ताप चढतो, तेव्हा तीच गोळी चार दिवस देत राहतात आणि मूल सुकत जातं. दवाखान्यात नेल्यावर डॉक्टर विचारतात, आधी काय दिलं? "काही नाही." आजार खरा न सांगणारा रोगी म्हणजे हाच. पाकीट खिशात घालून न्या, दाखवा. डॉक्टर रागावले तर रागावू द्या.

मी दोष फक्त आपल्या माणसांना देत नाही. दवाखाना लांब, रोज बुडाला की चूल बुडते, आणि मेडिकल कोपऱ्यावर. काही डॉक्टरही पातळ जुलाबाला सरसकट सलाईन आणि अँटिबायोटिक लावतात, कारण नुसतं जलसंजीवनीचं पाकीट हातात दिलं तर रोगी म्हणतो, याला काही येत नाही. कायदाही आहे. मार्च २०१४ पासून काही अँटिबायोटिक्स एच-१ या यादीत आहेत. चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत आणि दुकानदारानं रोग्याचं व डॉक्टरचं नाव वहीत लिहून ती वही तीन वर्षं जपायची. पाकिटावरची उभी लाल रेघही त्यासाठीच आहे, तिचा प्रचार सरकारनं २०१६ पासून केला. लाल रेघ दिसली की चिठ्ठी विचारायची, एवढं तर चौथीतलं पोरगंही शिकू शकतं. कोंबड्यांच्या खाद्यातल्या अँटिबायोटिक्सचा तर वेगळाच विषय होईल.

आपण अर्ध्या कोर्सबद्दल फार ऐकतो. डॉक्टरांनी तीन दिवस सांगितलं तर तीन, पाच सांगितलं तर पाच, हे बरोबरच आहे. पण त्याहून जास्त नुकसान गरज नसताना घेतलेल्या गोळीनं होतं. कारण ती आपल्या आतड्यातल्या कोट्यवधी साध्या जंतूंवर पडते, त्यातले चिवट शिल्लक राहतात, आणि पुढं शिगेला आला की त्याला चिठ्ठी द्यायला तयार असतात. तुमच्या घरात वाया घालवलेली गोळी शेजारच्या लेकराच्या पोटात निकामी ठरू शकते. शेत आपलं असतं, जमीन आपली असते, पण औषधाचा गुण मात्र गावच्या विहिरीसारखा सगळ्यांचा सामाईक असतो. विहीर म्हटल्यावर पाण्याचं बोललंच पाहिजे.

१९ आणि २० मार्च १९२७. महाडचं चवदार तळं. बाबासाहेबांनी ओंजळीनं पाणी घेतलं, आणि नंतर विटाळ गेला पाहिजे म्हणून सनातन्यांनी काय केलं? १०८ घागरी पाणी काढलं, त्यात दही, दूध, शेण, गोमूत्र मिसळलं आणि परत तळ्यात ओतलं. शिगानं जंतू शोधून तेव्हा तीस वर्षं झाली होती. विष्ठेतून जंतू पाण्यात जातो, हे वैद्यकाच्या पुस्तकात छापलेलं होतं. माणसाच्या स्पर्शानं तळं बाटलं म्हणणारे त्यात जनावराची विष्ठा ओतून ते शुद्ध करत होते! शुद्ध-अशुद्ध ठरवायचं तर थाळी आणि टिकली यांनी ठरवू, जातीनं नाही, असं मी वर्गात मुलांना सांगतो.

आपल्या मराठवाड्याची पाण्याची अडचण नुसती घाणीची नाही, तुटवड्याची आहे. हा मुद्दा मोठ्या शहरातल्या तज्ज्ञांच्या लक्षात येत नाही. शेजारच्या लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. अशा दिवसांत माणूस प्यायला पाणी ठेवतो आणि हात धुणं सोडतो. शिगेला नेमका तिथंच शिरतो. म्हणून मी म्हणतो, उन्हाळ्यात टँकरचं पाणी आलं तर घरातली एक बादली फक्त हात धुण्यासाठी वेगळी ठेवा, तिला दुसऱ्या कामाला हात लावायचा नाही. आणि साबण लावा. महाग जंतुनाशक साबणाची गरज नाही. पाकिस्तानात कराचीच्या गरीब वस्त्यांत याचा मोठा प्रयोग झाला, २००५ साली तो प्रसिद्ध झाला. साबण आणि हात धुण्याची शिकवण ज्या घरांना मिळाली, तिथल्या मुलांची हगवण निम्म्याहून कमी झाली. साधा साबण आणि जंतुनाशक साबण यांत फरक पडला नाही.

पिण्याचं पाणी रांजणातून ओगराळ्यानं घ्या, हात बुडवून पेला भरू नका. विहिरीत, टाकीत टीसीएल पावडर पडते का, ते ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला विचारा. ओटी टेस्ट म्हणजे दोन थेंब टाकून पाणी पिवळं होतं का पाहायचं, एवढंच. पावडर उघड्या पोत्यात वर्षभर पडून राहिली तर तिच्यातला क्लोरीन उडून जातो, मग नुसता चुना पाण्यात पडतो. कार्यक्रमात आपण हल्ली थंड पाण्याचे जार आणतो. थंड म्हणजे शुद्ध, असा काही नियम नाही.

आणि आजार झालाच तर? पातळ जुलाबाला पहिल्या तासापासून जलसंजीवनी. १९७१ मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांत कॉलरा पसरला, बनगावच्या छावणीत सलाईन संपलं. डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ-साखरेचं द्रावण पिंपांतून पाजलं आणि मृत्यूचं प्रमाण शंभरात तीसवरून चारच्याही खाली आणलं. आशाताईंकडं पाकीट मिळतं, बरोबर झिंकच्या गोळ्याही मिळतात. त्या चौदा दिवस द्यायच्या, जुलाब थांबले तरी. आईचं दूध, भात, खिचडी बंद करू नका. पण शी मध्ये रक्त दिसलं, ताप असला, लेकरू पाणी पिईना, डोळे खोल गेले, लघवी कमी झाली, झटका आला, तर घरगुती काही नको, मेडिकल नको, थेट दवाखाना. रक्ती आवेला अँटिबायोटिक लागतं, तिथं ते टाळणं चूक आहे. कोणतं, ते डॉक्टर ठरवतील. हल्ली बहुधा अझिथ्रोमायसिन किंवा सेफिक्झिम देतात. जुलाब बांधून टाकणारी लोपरामाइडची गोळी रक्ती आवेत देऊ नका, लेकरांना तर नाहीच, ती जंतूला आतच कोंडते. औषध सुरू करून दोन दिवसांत उतार पडला नाही तर परत जा आणि डॉक्टरांना विचारा, कल्चर करता येईल का. तालुक्याला दरवेळी ते जमणार नाही. नांदेडला विष्णुपुरीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्राचा विभाग आहे. नमुना द्यायचा तो औषधाचा पहिला डोस घेण्याआधी. रक्त-शेंबेचा भाग स्वच्छ डबीत घ्यायचा, आणि दोन तासांच्या आत पोचला पाहिजे. शिगेला फार नाजूक, डबीत वाळला की मरतो आणि अहवाल येतो, काही सापडलं नाही. लांबून न्यायचं असेल तर दवाखान्यातून खास द्रावणाची बाटली मागून घ्या.

विहार समितीला एक विनंती आहे. बुद्धपौर्णिमेची खीर, १४ एप्रिलचं जेवण, वर्षावासातलं भोजनदान, या सगळ्या दिवशी स्वयंपाकाला बसणाऱ्यांपैकी ज्याला गेल्या दोन-तीन दिवसांत जुलाब झाले असतील, त्यानं आपणहून सांगावं आणि त्याला त्या दिवशी सतरंज्या घालायचं काम द्यावं. सांगणाऱ्याची टिंगल होता कामा नये. आजच्या पुरतं सांगतो, नळाजवळ साबणाच्या चार वड्या आणि पाण्याची वेगळी टाकी ठेवली आहे. मुलांनी आधी जायचं, नखं मोठी असतील तर महिला मंडळाकडं नेलकटर आहे. ज्यांच्या घरी फळीवर उरलेल्या गोळ्यांची पाकिटं आहेत, त्यांनी ती पुढच्या रविवारी घेऊन यावीत. कोणती कशाची आहे ते आपण बसून बघू.

नमो बुद्धाय. जयभीम.